एक धर्म, दोन चुली

१८३६ साली मुंबईतल्या काही ज्यू व्यापाऱ्यांनी सरकारकडे अर्ज केला. शहरातल्या ज्यू दफनभूमीत एक भिंत घालून मिळावी, एवढीच मागणी होती. भिंतीच्या एका अंगाला अर्जदारांची माणसं पुरायची, दुसऱ्या अंगाला मुंबईतल्या इतर ज्यूंची. सही करणाऱ्यांत डेव्हिड ससून होते. बगदादहून जीव वाचवून निघालेले ससून मुंबईत येऊन तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती. ज्यांच्यापासून त्यांना वेगळं व्हायचं होतं ते बेने इस्रायल या किनाऱ्यावर किती शतकं राहत होते, ते त्यांचं त्यांनाही नेमकं सांगता येत नव्हतं. चार वर्षांचा पाहुणा घरमालकाकडे आडभिंत मागत होता.

या दोन समाजांची तुलना मुंबईत नेहमी एका वाक्यात उरकली जाते: बगदादी शेठ, बेने इस्रायल कारकून. ससून डॉक, डेव्हिड ससून ग्रंथालय, पुण्याचं ससून रुग्णालय ही नावं रोजच्या तोंडात असल्यामुळे ते वाक्य पटतंही. मला ते अर्धंच खरं वाटतं. ससून हे एक घराणं होतं, समाज नव्हे. त्या घराण्याच्या दानावर भायखळ्यात दिवस काढणाऱ्या सामान्य बगदाद्यापेक्षा डोंगरीतल्या बेने इस्रायल सुभेदाराचा मुलगा स्वतःच्या पायांवर जास्त घट्ट उभा होता, असं म्हणायला भरपूर जागा आहे.

आधी जुन्या रहिवाशांचं पाहू. बेने इस्रायलांची कथा अलिबागजवळच्या नवगावला सुरू होते. किनाऱ्याजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, समुद्राने बाहेर टाकलेली बाकीच्यांची प्रेतं तिथेच पुरली गेली. हे कधी घडलं याबद्दल समाजातच वेगवेगळी मतं आहेत. काहीजण ते इसवी सनापूर्वीपर्यंत मागे नेतात. कथेला कागदाचा आधार नाही. मात्र २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात या समाजाच्या रक्तात पश्चिम आशियातल्या ज्यूंचा आणि इथल्या लोकांचा, असे दोन्ही अंश आढळले. म्हणजे आलेली माणसं कोकणात मिसळली, आणि तरी काही गोष्टी त्यांनी हातच्या सोडल्या नाहीत.

काय सोडलं नाही, याची यादी छोटी आहे. शनिवार पाळायचा. आठव्या दिवशी मुलाची सुंता करायची. ज्या माशाला खवले आणि पर नाहीत तो खायचा नाही. ‘शेमा’ ही एक प्रार्थना म्हणायची. बाकी हिब्रू गेली, धर्मग्रंथ गेले, बोली मराठी झाली. पेण, रोहे, चौल, दिवे, झिराड, किहीम अशा गावांवरून आडनावं पडली: पेणकर, रोहेकर, चेऊलकर, दिवेकर, झिराड, केहिमकर. धंदा तेलाच्या घाण्याचा. सगळ्या गावाचे घाणे चालू असताना यांचा घाणा शनिवारी बंद, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. नाव ठेवण्यात कुत्सितपणा नव्हता, पण मानही नव्हता. गावगाड्याच्या उतरंडीत तेल्याची जी पायरी, तीच यांची.

दावीद राहाबी नावाच्या परदेशी ज्यूने या लोकांना ‘ओळखलं’, अशी परंपरा सांगते. तो एका घरी उतरला आणि बायकांपुढे बाजारातले सगळ्या जातींचे मासे ठेवून स्वयंपाक करा म्हणाला. बायकांनी खवल्यांचे मासे वेगळे काढले, बाकीचे शिवले नाहीत. बोंबील-कोलंबीच्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या कोलंबी न खाता राहणं ही साधी निष्ठा नव्हे, हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगावं लागणार नाही.

अठराव्या शतकात ही माणसं मुंबईला सरकू लागली. तेलाला तिथे गिऱ्हाईक होतं, पण खरी ओढ कंपनीच्या पलटणीची होती. पलटणीत पगार रोख, कपडा सरकारी, म्हातारपणी पेन्शन, आणि तेल्याला कुणी तेली म्हणत नसे. बेने इस्रायल तरुण मोठ्या संख्येने शिपाई झाले आणि हवालदार, जमादार, सुभेदार अशा पायऱ्या चढत गेले. सामाजी हसाजी दिवेकर, हिब्रू नाव सॅम्युएल इझिकेल, हे त्यांतले सर्वांत गाजलेले. टिपू सुलतानाविरुद्धच्या लढाईत ते कैद झाले. कुराणात बनी इस्राईलचा उल्लेख आहे, म्हणून टिपूच्या आईने मध्ये पडून त्यांना सोडवलं, असं समाजात सांगतात. सुखरूप परतल्यावर त्यांनी १७९६ साली मांडवीत सिनेगॉग बांधलं. मुंबईतलं हे पहिलं सिनेगॉग. लोक त्याला जुनी मशीद म्हणू लागले. जवळच्या मशीद बंदर स्थानकाचं नाव त्यावरूनच पडलं, असं मुंबईचे जुने जाणते सांगतात. बगदादचे ज्यू मुंबईत आले तेव्हा त्यांचं स्वतःचं प्रार्थनास्थळ नव्हतं. प्रार्थना कुठे केली, तर याच सुभेदाराच्या सिनेगॉगमध्ये.

पलटणीखालोखाल या समाजाला घडवलं ते मिशनऱ्यांनी, आणि तेही मिशनऱ्यांच्या मनाविरुद्ध. अमेरिकन मराठी मिशनने कोकणात शाळा काढल्या. जॉन विल्सन १८२९ साली मुंबईत आले आणि तीनच वर्षांत त्यांनी मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. हिशेब असा होता की हे लोक मुळात ज्यू. जुना करार हातात पडला की नवा करार फार लांब नाही. बेने इस्रायलांनी शाळा घेतली, व्याकरण घेतलं, मराठी बायबल घेतलं आणि धर्म मात्र आपलाच ठेवला. ख्रिस्ती झालेले अगदी थोडे. गमावलेला ज्यू धर्म या समाजाला परत मिळाला तो मराठीतून, आणि मिळवून दिला पाद्र्यांनी. इतिहासात अशी थट्टा क्वचित पाहायला मिळते.

१८४६ साली वल्हांडणाच्या रात्री वाचायची ‘हग्गादा’ मराठी भाषांतरासह मुंबईत छापली गेली. १८७४ साली पुण्यात दुसरी निघाली. तिच्यात चित्रं आहेत. एका चित्रात साडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून सणाची बेखमीर भाकरी करत आहेत. मूळ चित्राची ठेवण युरोपातली, मिसरमधून सुटका झाल्याची आठवण जागवणारी. पण त्यातल्या बायका आपल्या पुण्या-पेणच्या. हिब्रू मजकुराशेजारी देवनागरी ओळी आहेत. कीर्तनाचीही तीच गत. १८८०च्या सुमारास या समाजात मराठी कीर्तनं होऊ लागली. पूर्वरंग, उत्तररंग, टाळ-मृदंग सगळं यथासांग, फक्त आख्यान अब्राहमचं नाहीतर योसेफाचं. नवस फेडताना मलिदा करतात: भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, वर फळं. तो एलियाहू पैगंबराच्या नावाने वाटला जातो. अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर त्याच्या रथाची खूण आहे, अशी श्रद्धा आहे.

आता दुसरी चूल.

डेव्हिड ससून १७९२ साली बगदादमध्ये जन्मले. वडील तिथल्या पाशांचे खजिनदार आणि ज्यू समाजाचे प्रमुख. दाऊद पाशाच्या काळात घराण्यावर गंडांतर आलं, तेव्हा ते आधी इराणच्या आखातावरच्या बुशेहरला पळाले आणि १८३२च्या सुमारास मुंबईला. हातात पैसा फारसा नव्हता, पण दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे नाव: आखातापासून सीरियापर्यंतचे व्यापारी ‘ससूनचा मुलगा’ म्हटल्यावर उधार देत. दुसरी म्हणजे मुलगे, आणि तेही आठ. एकेक मुलगा वयात आला की एकेका बंदरात पाठवायचा, ही त्यांची रीत. १८४४ साली इलायसला कँटनला धाडलं. पुढे शांघाय, हाँगकाँग आणि १८५८ साली लंडन. घरातला पत्रव्यवहार अरबीत, पण लिपी हिब्रू. वाटेत पत्र कुणाच्या हाती लागलं तरी त्याला काडीचा उपयोग नाही. १८५३ साली ब्रिटिश नागरिकत्व घेताना म्हाताऱ्याने सही केली ती हिब्रू अक्षरांत. इंग्रजी त्याला येत नव्हतं, आणि त्यावाचून काही अडतही नव्हतं.

माल कुठला? कापूस, सूत, कापड, मसाले. आणि अफू. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची, आणि ससूनांच्या वैभवाचा पाया तिच्यावर होता. यात ससून एकटे नव्हते. मुंबईच्या अनेक पारशी, गुजराती आणि गोऱ्या पेढ्यांचे हात त्यात होते. पण ग्रंथालयाच्या थंड दगडी व्हरांड्यात बसून वर्तमानपत्र चाळताना हे विसरू नये. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मग भाव कोसळले आणि कित्येक पेढ्या बुडाल्या. ससून तरले, कारण त्यांचा सगळा डाव एकट्या कापसावर नव्हता.

१८६४ साली पुण्यात डेव्हिड ससून वारले. लाल विटांचं जे सिनेगॉग पुणेकरांना लाल देऊळ म्हणून माहीत आहे, त्याच्या आवारात त्यांची कबर आहे. भायखळ्याचं मागेन डेव्हिड सिनेगॉग त्यांनी १८६१ साली बांधलं होतं. थोरला मुलगा अब्दुल्ला. तो अल्बर्ट झाला, १८७५ साली कुलाब्याला ससून डॉक उभा केला, प्रिन्स ऑफ वेल्सचा घोड्यावरचा पुतळा शहराला भेट दिला (काळा घोडा तो हाच) आणि मग इंग्लंडला जाऊन राहिला. १८९० साली त्याला बॅरोनेट हा किताब मिळाला. धाकट्या इलायसने १८६७ साली वेगळी पेढी काढली. त्याच्या मुलांनी, विशेषतः जेकबने, मुंबईत कापड गिरण्या उभारल्या. घराण्यातल्या बायकाही मागे नव्हत्या. नवरा वारल्यावर १८९४पासून फ्लोरा ससूनने मुंबईची पेढी काही वर्षं स्वतः चालवली. हाफकिनच्या लसीला लोक घाबरत होते तेव्हा ती लशीच्या बाजूने जाहीरपणे उभी राहिली. मग १९०१ साली तीही लंडनला गेली.

ससूनांचा हा सगळा इतिहास म्हणजे मुंबईत येण्याचा आणि मुंबईतून निघून जाण्याचा इतिहास आहे. पैसा जिकडे फिरला तिकडे घराणं फिरलं. इमारती मागे राहिल्या, आणि त्यांच्यापेक्षा फार मोठ्या संख्येने गरीब बगदादी मागे राहिले.

या गरिबांबद्दल कमी लिहिलं जातं. ससूनांचं नाव ऐकून बगदाद, बसरा, अलेप्पोहून माणसं मुंबईला येत. येणाऱ्याला पेढीत काम, मुलाला धर्मादाय शाळा, आजारी पडल्यास औषध, मेल्यावर कफन, अशी सोय होती. हुशार मुलाला हिशेब आणि भाषा शिकवून शांघाय-हाँगकाँगच्या शाखेत पाठवत. सिलास हार्डून असाच मुंबईच्या धर्मादाय शाळेतून निघालेला पोर. पुढे शांघायच्या सर्वांत मोठ्या धनवंतांत गणला गेला. एली कदूरीही ससूनांच्याच नोकरीतून चीनला गेला. पण प्रत्येक हार्डूनमागे असे कितीतरी होते जे गिरणीत देखरेखीचं नाहीतर कारकुनीचं काम करत भायखळ्याच्या खोल्यांत राहिले, आणि सणासुदीला ससूनांच्या ट्रस्टच्या दाराशी उभे राहिले. मालक एकच, नोकरी त्याची, शाळा त्याची, देऊळही त्याचं. अशा आसऱ्यात उपाशी मरण्याची भीती नसते, पण स्वतःहून काही करण्याची सवयही लागत नाही.

बेने इस्रायलांना असा आसरा कुणी दिला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पलटणींची भरती जातवार होऊ लागली आणि वरच्या हुद्द्यांवर जाण्याची त्यांची वाट अरुंद झाली. तोवर शिपायांची मुलं मिशनच्या शाळांतून लिहायला शिकली होती. ती सरकारी कचेऱ्यांत, रेल्वेत, पोस्टात, बांधकाम खात्यात, नगरपालिकांत शिरली. बदली होईल तिथे चार घरं जमली की प्रार्थनेची सोय करायची, अशी त्यांची पद्धत. कराचीचं मागेन शालोम सिनेगॉग १८९३ साली सॉलोमन डेव्हिड उमरडेकर यांनी बांधलं. ते तिथल्या नगरपालिकेत सर्व्हेअर होते. ठाणे, पुणे, अहमदाबाद, सगळीकडे हाच क्रम.

या वाटेचा तोटा उघड आहे. पगार मुलाच्या नावावर करता येत नाही, पेन्शन वारशाने मिळत नाही. प्रत्येक पिढीला पहिल्या इयत्तेपासून सुरुवात करावी लागते. म्हणून दीडशे वर्षं मुंबईत राहून, चहूकडे सट्टा नि व्यापार चाललेला पाहूनही, या समाजात नाव घेण्यासारखा शेठ झाला नाही. पण फायदाही तिथेच आहे. कारकुनाचा मुलगा शिकला नाही तर घर बसतं, म्हणून तो शिकतो. आणि घरची मुलगीही शिकते, कारण तिचा पगारही लागतो. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ साली समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. समाजाचा पहिला सविस्तर इतिहास लिहिला तोही यांनीच; हस्तलिखित १८९७ साली तयार झालं, छापलं गेलं ते थेट १९३७ साली तेल अवीवमध्ये.

दोन्ही समाजांच्या वाटा एका माणसापाशी फार विचित्र रीतीने मिळतात. जोसेफ इझिकेल राजपूरकर १८५६ साली ससूनांच्या मुंबईतल्या धर्मादाय शाळेत शिक्षक झाले आणि पाच वर्षांनी मुख्याध्यापक. पुढे जवळजवळ चाळीस वर्षं ते त्या पदावर होते. मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक तेच, आणि हिब्रू प्रार्थनापुस्तकं मराठीत आणणारेही तेच. म्हणजे बगदादी मुलांना हिब्रू शिकवायला बेने इस्रायल मास्तर चालत होता. त्याच मास्तरांच्या समाजाला प्रार्थनेच्या वेळी धरावं की नाही, यावर मात्र शंका होती.

ज्यूंच्या सामूहिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. बगदादी सिनेगॉगमध्ये त्या दहांत बेने इस्रायल माणूस मोजत नसत, त्याला ग्रंथवाचनासाठी बोलवत नसत; सोयरिकीचा तर प्रश्नच नव्हता. कारण सांगितलं जाई ते शास्त्राचं. शेकडो वर्षं यांना घटस्फोटाचे आणि विधवेच्या दिराशी संबंधित विधींचे ज्यू नियम माहीत नव्हते, तेव्हा यांची वंशशुद्धी धड कशी मानायची? हे कारण खोटं नव्हतं, पण पुरेसंही नव्हतं. अब्दुल्लाचा अल्बर्ट होण्याच्या काळात, झगा-फेटा टाकून कोट-पाटलोण चढवताना, शेजारच्या रांगेत मराठी बोलणारा, सावळा, ‘नेटिव्ह’ ज्यू बसलेला परवडत नव्हता. सरकारने आपल्याला युरोपियनांत धरावं यासाठी बगदाद्यांची खटपट पुढे कितीतरी वर्षं चालली. बंगालमध्ये त्यांनी युरोपियन मतदारयादीत नाव घालून घ्यायचा प्रयत्न केला. तो साधला नाही. गोऱ्यांनी त्यांच्याशी व्यापार केला, जेवणावळी केल्या, पण मतदारयादीत जागा दिली नाही.

बेने इस्रायल मात्र धुतल्या तांदळासारखे होते असं नाही. त्यांच्यातच गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असा भेद होता. ज्या घराण्यात कधीकाळी बाहेरची बाई आली तिचे वंशज काळे. त्यांच्याशी रोटीबेटी नाही, भांडी वेगळी. बगदाद्यांनी त्यांच्याशी जे केलं ते त्यांनी आपल्यांतल्याच काहींशी केलं होतं. हे दोघेही कुठून शिकले, ते आजूबाजूच्या समाजाकडे पाहिलं की कळतं.

तंटा कोर्टात गेला तो रंगूनला. तिथल्या सिनेगॉगच्या बगदादी विश्वस्तांनी बेने इस्रायलांना विश्वस्तांच्या निवडणुकीत मत देण्याचा आणि उभं राहण्याचा हक्क नाकारला. १९३५ साली रंगूनच्या उच्च न्यायालयाने निकाल बेने इस्रायलांच्या बाजूने दिला. मला या खटल्यात धर्मापेक्षा सवय जास्त दिसते. शेठ लोकांचे वाद आपसांत, पेढीवर मिटतात. अर्ज, अपील, निवेदन, शिष्टमंडळ ही हत्यारं कारकुनाची.

तोवर मुंबईत चित्र पालटलं होतं. चीनशी झालेल्या करारानंतर विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हिंदुस्थानची चीनकडे जाणारी अफू थांबली. गिरण्यांचे दिवस पहिल्या महायुद्धानंतर खालावले. घराण्यातले सर व्हिक्टर ससून काही वर्षं दिल्लीच्या विधिमंडळात बसले, मग कंटाळून मुक्काम आणि भांडवल शांघायला हलवलं. तिथल्या इमारती १९४९च्या क्रांतीत गेल्या. मुंबईच्या गिरण्या चाळीसच्या दशकात विकल्या गेल्या. घराणं संपलं नाही, मुंबईपुरतं संपलं.

नेमक्या याच वर्षांत बेने इस्रायलांची दीडशे वर्षांची शाळा फळाला येत होती. डॉ. जेरुशा झिराड यांनी १९१९ साली लंडन विद्यापीठाची एम.डी. मिळवली, कामा रुग्णालयाचा कारभार कित्येक वर्षं सांभाळला, पद्मश्री झाल्या. डॉ. ई. मोझेस १९३७ साली मुंबईचे महापौर झाले. वरळीचा त्यांच्या नावाचा रस्ता रोज लाखो लोक वापरतात आणि तो राजपूरकर आडनावाच्या मराठी माणसाचा आहे, हे त्यांतल्या फारच थोड्यांना माहीत असेल. १९१६ सालच्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांच्या बाजूने जीनांसोबत जे वकील उभे होते त्यांत एरुलकर होते. पुढे कवी निस्सीम इझिकेल, नट डेव्हिड, व्हाइस अॅडमिरल बेंजामिन सॅमसन. यांतला कुणीही गर्भश्रीमंत नव्हता.

बगदाद्यांतूनही याच काळात नावं पुढे आली, पण ती पेढीच्या बाहेरची. मूकपटांची राणी सुलोचना म्हणजे रूबी मायर्स. १९४७ची मिस इंडिया प्रमिला कोलकात्याच्या बगदादी घरातली. १९७१ साली ढाक्याच्या शरणागतीची बोलणी करणारे जनरल जेकबही तिथलेच. ट्रस्टच्या सावलीतून बाहेर पडल्यावर बगदाद्यांची मुलंही चमकली, हे इथे नोंदवायला हवं.

कदूरीची गोष्ट मात्र राहून गेली. मुंबईतून चीनला गेलेला एली कदूरी तिथे गडगंज झाला. केहिमकरांची शाळा पैशासाठी अडली तेव्हा मोठी देणगी आली ती त्याच्याकडून, आणि माझगावची ती शाळा आजही सर एली कदूरी हायस्कूल म्हणून ओळखली जाते. बगदाद्याच्या पैशाने बेने इस्रायलांची शाळा वाचली. मुंबईत जे जमलं नाही ते हाँगकाँग-शांघायच्या अंतरावरून जमलं.

स्वातंत्र्याच्या वेळी देशात सुमारे वीस हजार बेने इस्रायल होते. बगदादी त्यांच्या पावपट, बहुतेक मुंबई-कोलकात्यात. पुढच्या वीस वर्षांत दोन्ही समाज उठले. बगदाद्यांपैकी ज्यांना शक्य होतं ते लंडनला आणि ऑस्ट्रेलियाला गेले. इंग्रजी शाळांतलं शिक्षण आणि आधीच गेलेले नातेवाईक तिथे उपयोगी पडले. बेने इस्रायल मुख्यतः इस्रायलला गेले. आज भारतात दोन्ही मिळून चार-पाच हजार ज्यू उरले असतील, त्यांतले बहुसंख्य ठाणे-मुंबईतले बेने इस्रायल. बगदादी सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला दहा माणसं भरायची तर आता बेने इस्रायलांशिवाय गत नाही. जेकब ससूनच्या भायखळ्यातल्या शाळेत शिकणारी मुलं जवळजवळ सगळी मुसलमान आहेत.

इस्रायलला गेलेल्यांना आधी बीरशेबा, मग डिमोना, अश्दोद, लोद अशा वाळवंटातल्या नाहीतर कडेच्या वसाहती मिळाल्या. मुंबईच्या कचेरीत बसणारा माणूस तिथे बांधकामावर नाहीतर कारखान्यात. भाषा येत नव्हती, आणि रंगावरून बोलणी खावी लागत होती. बीरशेबाच्या काहींनी धरणं धरलं, आम्हाला परत पाठवा म्हणाले, आणि १९५२ साली शंभराहून अधिक जण विमानाने खरोखरच मुंबईला परतले. वचन दिलेल्या भूमीतून परत जाण्याची मागणी करणारे स्थलांतरित त्या नव्या देशाला नवे होते.

त्याच सुमारास, १९५०-५१ मध्ये, इराकमधून एक लाखावर ज्यू इस्रायलमध्ये येऊन पोचले होते. तेही तिथे नवखेच, तेव्हा मुंबईतली बाजू उलटली असती, पण तसं झालं नाही. १९६२ साली मुख्य रब्बींच्या मंडळाने विवाह नोंदणाऱ्या रब्बींना आदेश दिला: बेने इस्रायलांपैकी कुणी लग्नाला उभा राहिला तर त्याच्या आईची, आजीची, जमेल तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करा. त्या मंडळातले सेफार्दी मुख्य रब्बी होते यित्झाक निस्सीम, जन्म बगदादचा. आक्षेपही तेच, शंभर वर्षांपूर्वी भायखळ्यात घेतलेले: घटस्फोटाचे नियम, बाहेरची रक्तं.

बेने इस्रायलांनी मग जे केलं ते त्यांना उत्तम येत होतं. समित्या झाल्या, निवेदनं गेली, वर्तमानपत्रांना पत्रं गेली. १९६४च्या उन्हाळ्यात कुटुंबंच्या कुटुंबं जेरुसलेमला येऊन उघड्यावर बसली. प्रकरण संसदेत गेलं. ऑगस्ट १९६४ मध्ये संसदेने ठराव केला की बेने इस्रायल हे सर्व बाबतींत इतरांसारखेच ज्यू आहेत. रब्बीमंडळाने आदेश मागे घेतला नाही. त्यातलं ‘बेने इस्रायल’ हे नाव तेवढं काढलं आणि ज्याच्या वंशाबद्दल संशय असेल अशा कुणाचीही चौकशी करावी, असं मोघम वाक्य घातलं. मंडळाने अब्रू राखली, समाजाने नाव सोडवून घेतलं. १९५२ साली रुसून मुंबईला परतलेल्यांपैकी बहुतेक जण पुढे पुन्हा इस्रायललाच जाऊन राहिले.